माल नेमका केव्हा येईल?

१९९५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील सिॲटल शहरात जेफ बेझोस यांनी इंटरनेटवरून पुस्तके विकायला सुरुवात केली. ॲमेझॉन हे नाव आज सर्वांना ठाऊक आहे, पण त्या वेळी या दुकानात पुस्तके जवळजवळ नव्हतीच. गिऱ्हाइकाची मागणी आली की ते पुस्तक घाऊक विक्रेत्याकडून मागवायचे आणि आले की बांधून टपालाने धाडायचे, असा सारा व्यवहार होता. त्यात एक अडचण होती. घाऊक विक्रेत्याच्या नियमाप्रमाणे एका वेळी किमान दहा पुस्तके मागवावी लागत. गिऱ्हाईक तर एकच मागत असे. यावर काढलेली पळवाट बेझोस यांनीच पुढे सांगितली आहे. नियम दहा पुस्तके मागवण्याचा होता, दहा मिळण्याचा नव्हता. घाऊक विक्रेत्याच्या यादीत दगडफुलांवरचे एक पुस्तक होते (होय, आपल्या काळ्या मसाल्यात पडते त्याच कुळातले दगडफूल, जीवशास्त्रात त्याला शैवाक म्हणतात) आणि ते कधीच शिल्लक नसे. मग हव्या असलेल्या एका पुस्तकाबरोबर या पुस्तकाच्या नऊ प्रती मागवायच्या. एक पुस्तक येई आणि उरलेल्या नऊ प्रती शिल्लक नसल्याबद्दल दिलगिरीची चिठ्ठी येई.

साठा न ठेवता दुकान चालवण्याची ही युक्ती काही काळ चालली, कारण साठा दुसरा कोणीतरी ठेवत होता. घाऊक विक्रेत्याचे एक मोठे गोदाम शेजारच्या ओरेगन राज्यात, मोटारीने सुमारे सहा तासांच्या अंतरावर होते. पुढे पुस्तकांबरोबर खेळणी, दिवे, कपडे, भांडी असे सगळेच विकायचे ठरले, तेव्हा हे गणित बदलले. यातील पुष्कळसा माल चीन, व्हिएतनाम, बांगलादेश अशा देशांत तयार होतो. गिऱ्हाइकाने दिवा मागितला म्हणून शेंझेनच्या कारखान्याला दिवा करायला सांगावे, तर गिऱ्हाईक दोन महिने अंधारात बसेल. तेव्हा माल आधीच मागवून ठेवावा लागतो. किती, याचे उत्तर मात्र मागणी कळण्याच्या आधीच द्यावे लागते. हे उत्तर कसे काढतात आणि ते चुकले तर काय होते, ते या लेखात पाहू या. त्यासाठी लागणारे गणित वर्गमुळाच्या पलीकडचे नाही.

चौसष्ट दिवस

समजा, अमेरिकेतील एक विक्रेता टेबलावर ठेवायचा एक दिवा विकतो. रोज सरासरी १०० दिवे खपतात. दिवे दक्षिण चीनमध्ये बनतात. कारखान्याला काम सांगितल्यापासून दिवे तयार व्हायला ३० दिवस लागतात. ते बंदरावर नेणे, कागदपत्रे आणि जहाजाची वाट पाहणे यांत ७ दिवस जातात. प्रशांत महासागर ओलांडून लॉस एंजेलिसला पोहोचायला १७ दिवस, आणि उतरवून, जकात भरून, रेल्वेने किंवा ट्रकने गोदामात न्यायला आणखी १०. बेरीज ६४ दिवस. मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतच्या या काळाला आपण पुरवठा-काळ म्हणू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण ते खऱ्या व्यवहारापासून फार दूर नाहीत.

रोज १०० दिवे खपत असतील तर ६४ दिवसांच्या वाटेवर कुठे ना कुठे ६४०० दिवे असणार: काही यंत्रावर, काही धक्क्यावर, काही समुद्रात. हा वाटेवरचा साठा कोणत्याच गोदामात दिसत नाही, तरी पैसे त्यात अडकलेले असतातच.

इतक्या लांबून दिवे आणणे परवडते कसे? याचे उत्तर आहे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रक-व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ मोठ्या पेट्या चढवून नुआर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल हमालांकडून चढवायला तेव्हा टनामागे ५.८६ डॉलर लागत. पेटीमुळे तो खर्च १६ सेंटवर आला, असा त्या वेळचा हिशेब सांगितला जातो. आपल्या दिव्याचा खोका २० × २० × २५ सेंटिमीटरचा धरा, म्हणजे एक घनमीटरमध्ये १०० खोके. चाळीस फुटी कंटेनरमध्ये असे सुमारे ६००० खोके बसतात. करोनापूर्वी चीनहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत अशा कंटेनरचे भाडे साधारण १५०० ते २००० डॉलर असे. म्हणजे एका दिव्यामागे तीस सेंटच्या आसपास. अंतर स्वस्त झाले, म्हणून कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्यात एक महासागर येऊन बसला तरी कोणाला त्याचे काही वाटेनासे झाले.

किती जादा ठेवायचे?

रोज १०० ही सरासरी झाली. एखाद्या दिवशी ७० खपतील, एखाद्या दिवशी १४०. या चढउताराचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते दिवसाला ३० दिवे आहे असे धरू. मग ६४ दिवसांच्या एकूण खपाचे प्रमाण विचलन किती? पहिल्या विचारात ३० × ६४ असे वाटते, पण तसे नाही. काही दिवस जादा खपतात, काही दिवस कमी, आणि ते एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. एका दिवसाचा खप दुसऱ्या दिवसाच्या खपापासून स्वतंत्र असेल, तर विचलनांच्या वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे. म्हणजे ३० गुणिले ६४ चे वर्गमूळ, ३० × ८ = २४०.

हे सूत्र वर्गात सांगताना आम्हाला नेहमी पायथागोरसचा उपयोग होतो. दोन स्वतंत्र अनिश्चितता या काटकोनात असलेल्या दोन बाजूंसारख्या असतात. त्यांची एकत्रित लांबी साध्या बेरजेने मिळत नाही, ती कर्णाइतकी असते. ३ आणि ४ मिळून ७ होत नाहीत, ५ होतात. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले, की पुढचे सगळे सोपे जाते.

चढउतार घंटेच्या आकाराच्या परिचित वक्राप्रमाणे असतील, तर प्रमाण विचलनाच्या सुमारे १.६५ पट साठा सरासरीहून जादा ठेवला की शंभरातील ९५ वेळा माल पुरतो. याला राखीव साठा म्हणू. आपल्या दिव्यांसाठी तो २४० × १.६५, म्हणजे जवळपास ४०० दिवे झाला. कारखाना शेजारच्या गावात असता आणि दिवे ४ दिवसांत मिळाले असते, तर ४ चे वर्गमूळ २, म्हणून ३० × २ × १.६५, सुमारे १०० दिवे पुरले असते. पुरवठा-काळ सोळापट, पण राखीव साठा फक्त चौपट. चार दिवसांच्या खपाएवढा राखीव साठा ठेवून महासागरापलीकडचा व्यापार करता येत असेल, तर तो कोणीही करील.

मात्र यात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे. पुरवठा-काळ ६४ दिवस, म्हणजे बरोबर ६४. जहाजाला वादळामुळे उशीर झाला, बंदरात जागा नसली, जकातीत पेटी अडकली, तर तो ७० होईल, ८० होईल. समजा, या काळाचे प्रमाण विचलन १० दिवस आहे. एक दिवस उशीर म्हणजे १०० दिव्यांची तूट. तेव्हा दहा दिवसांचे विचलन म्हणजे १००० दिवे. आता काटकोन त्रिकोण काढा. एक बाजू २४०, दुसरी १०००. कर्ण येतो सुमारे १०२८. राखीव साठा त्याच्या १.६५ पट, जवळपास १७०० दिवे!

या त्रिकोणाकडे जरा वेळ पाहावे. गिऱ्हाइकांच्या लहरीची बाजू अगदी आखूड आहे. तिचा पूर्ण विसर पडला तरी कर्णात फारसा फरक पडत नाही. साठ्याचे प्रमाण जवळजवळ सर्वस्वी ठरते ते जहाजाच्या बेभरवशावरून. पुरवठा-काळ ६४ वरून ८० दिवस झाला, पण बरोबर ८० राहिला, तर राखीव साठा ४०० चा ४४० च्या आसपास जाईल. तोच काळ सरासरीने ६४ राहिला आणि दहा दिवस पुढे-मागे हलू लागला, तर साठा चौपटीहून अधिक वाढतो. व्यापारी मंडळी ‘उशिरा आले तरी चालेल, पण वार सांगा’ असे म्हणतात, त्याचे गणित हे असे आहे.

चार फासे एकत्र टाकले तर

दिवा एका गोदामात ठेवावा की गावोगावच्या गोदामांत वाटून ठेवावा? याचे उत्तर चार मुले आणि चार फासे यांच्या साहाय्याने देता येते. प्रत्येक मुलगा म्हणजे एक शहर. फाशावर जेवढे पडेल तेवढी त्या शहराची त्या दिवसाची मागणी. एकूण २० गोट्या आहेत. प्रत्येकाला ५ दिल्या, तर ज्याला ६ पडतील त्याला एक गोटी कमी पडेल. चारही जणांचे भागण्याची शक्यता पाच-षष्ठांशाचा चौथा घात, म्हणजे सुमारे ४८ टक्के. आता त्याच २० गोट्या मध्ये एका वाडग्यात ठेवा आणि लागतील तशा घ्या. तूट केव्हा येईल? चार फाशांची बेरीज २१ किंवा अधिक झाली तरच. चार फाशांचे १२९६ प्रकार आहेत, त्यांपैकी फक्त ३५ प्रकारांत असे घडते. भागण्याची शक्यता ९७ टक्क्यांहून अधिक! गोट्या तेवढ्याच, मुले तीच. (हे ३५ प्रकार मोजण्याचे काम नववी-दहावीच्या मुलांना द्यावे, मजेने करतात.)

मालाच्या व्यवहारात याला वर्गमुळाचा नियम म्हणतात. सारख्या खपाच्या २५ स्वतंत्र गोदामांतील राखीव साठा एका ठिकाणी आणला, तर तो एक-पंचमांश होतो. आपल्याकडे याचे एक मोठे उदाहरण घडून गेले. २०१७ पर्यंत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागे. कंपनीने आपलाच माल दुसऱ्या राज्यातील आपल्याच गोदामात हलवला तर लागत नसे. म्हणून अनेक कंपन्या जवळजवळ प्रत्येक राज्यात एकेक गोदाम बाळगून होत्या. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि हे कारण संपले, तशी लहान गोदामे मोडून मोजकी मोठी गोदामे उभी राहू लागली. भिवंडीतली गोदामे मुळात वाढली ती मुंबईच्या जकातनाक्यांच्या बाहेर म्हणून. मुंबईतील जकातही त्याच वेळी गेली. पण न्हावाशेवा बंदर आणि महामार्ग जवळ असल्याने भिवंडीचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढले.

हाच नियम गोदामाच्या आतही लागू पडतो. शाळेच्या ग्रंथालयात प्रत्येक विषयाला ठरलेले कपाट असते. ॲमेझॉनच्या गोदामात तसे नसते. आलेली वस्तू जवळच्या कोणत्याही मोकळ्या खणात ठेवतात, बारकोडने वस्तू आणि खण यांची नोंद होते आणि ती कुठे आहे हे संगणक लक्षात ठेवतो. बाळाच्या दुधाच्या बाटलीशेजारी शब्दकोश आणि त्याच्याशेजारी स्क्रू-ड्रायव्हर असे दृश्य दिसते. हा गोंधळ हेतुपूर्वक केलेला आहे. प्रत्येक वस्तूला स्वतःचे कपाट द्यायचे, तर ते तिच्या जास्तीत जास्त साठ्याएवढे हवे, आणि वर्षातील बहुतेक दिवस ते अर्धे रिकामे राहणार. सगळ्या वस्तूंचा साठा एकाच दिवशी कमाल नसतो, म्हणून खण सामाईक ठेवले की तेवढ्याच जागेत पुष्कळ अधिक माल मावतो. म्हणजे पुन्हा वाडग्यातल्या गोट्याच. शिवाय एकसारखी दिसणारी दोन औषधे शेजारी नसली, की चुकीची उचलली जाण्याचा धोकाही घटतो. २०१२ मध्ये ॲमेझॉनने किव्हा सिस्टिम्स ही यंत्रमानव बनवणारी कंपनी ७७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. तेव्हापासून तिच्या अनेक गोदामांत कामगाराने मांडणीपर्यंत चालत जाण्याऐवजी मांडणीच उचलून कामगारापुढे आणली जाते.

मग सगळे एकाच ठिकाणी का ठेवत नाहीत? कारण गिऱ्हाइकाला वस्तू उद्या हवी असते आणि अमेरिका साडेचार हजार किलोमीटर रुंद आहे. म्हणून तडजोड करतात. रोज खपणारी वस्तू सगळीकडे ठेवायची, वर्षातून चारदा खपणारी एक-दोन ठिकाणी. २०२३ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेचे आठ विभाग पाडले आणि शक्यतो त्या त्या विभागातूनच माल जावा अशी व्यवस्था केली. वर्गमुळाच्या नियमाने पाहता हे उलट पाऊल आहे, कारण त्यामुळे राखीव साठा वाढतो. घरपोच नेण्याचे अंतर आणि वेळ यांत होणारी बचत त्याहून मोठी ठरेल, असा त्यामागचा हिशेब होता.

फासे एकमेकांना बांधले तर

आता वर्गातला खेळ थोडा बदलू. चार फाशांऐवजी एकच फासा टाकायचा आणि जे पडेल ती चारही मुलांची मागणी. सहा पडले तर चौघांनाही सहा. २० गोट्या वाटून ठेवा किंवा वाडग्यात ठेवा, सहावेळा टाकल्यावर सरासरीने एकदा तूट येणारच. एकत्र ठेवण्याचा फायदा पार नाहीसा झाला! त्रिकोणाच्या भाषेत बोलायचे, तर बाजू आता काटकोनात नाहीत, एकाच रेषेत आहेत. ३ आणि ४ मिळून खरेच ७ होतात.

२०२० ते २०२२ या काळात जगाने हाच दुसरा खेळ खेळला. साथ सगळ्या देशांत एकदम आली. घरात बसलेल्या माणसांनी टेबले, संगणक, व्यायामाची साधने आणि खेळणी सगळीकडे एकाच वेळी मागवली. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस कालवा बंद राहिला. एरवी लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांबाहेर क्वचितच जहाजांची रांग लागे. जानेवारी २०२२ मध्ये तेथे शंभराहून अधिक कंटेनर-जहाजे ताटकळत होती. शांघायहून तेथवरच्या कंटेनरचे भाडे २०२१ च्या सप्टेंबरात १२,००० डॉलरच्या वर गेले. आपल्या दिव्यामागे वाहतुकीचे तीस सेंट होते, ते दोन डॉलर झाले. भाड्यापेक्षाही माल केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नव्हते, हा घाव मोठा होता. पुरवठा-काळाचे विचलन दहा दिवसांवरून तीस झाले, तर राखीव साठा कुठवर जाईल ते वाचकांनी त्रिकोण काढून पाहावे.

तांबड्या समुद्रात नोव्हेंबर २०२३ पासून जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा परिस्थिती जरा निराळी होती. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी २०२४ मध्ये आशिया-युरोप वाहतूक आफ्रिकेला वळसा घालून नेली. वाट दहा दिवस ते दोन आठवडे लांबली. भाडी वाढली, पहिले काही महिने वेळापत्रकेही विस्कळीत झाली. पण वळसा नेहमीचा झाल्यावर तो धरून वेळापत्रके आखता आली. लांबलेल्या वाटेची सवय करता येते.

साठा कोणाच्या पदरात?

किती मागवायचे याचे आणखी एक गणित आहे. वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणून ते ओळखले जाते. संध्याकाळी उरलेला अंक रद्दी होतो, तसा दिवाळी संपल्यावर आकाशकंदील आणि नाताळ संपल्यावर सजावटीचा दिवा. समजा, असा दिवा ३०० रुपयांना घेतला, ५०० ला विकला, आणि उरला तर २०० ला काढून टाकला. एक कमी मागवला तर २०० चा नफा बुडतो, एक जास्त मागवला तर १०० चा तोटा. उत्तर असे, की २०० भागिले ३००, म्हणजे तीनांत दोनदा माल पुरेल इतके दिवे मागवावे.

आता न खपलेल्या दिव्याचा तोटा दुसऱ्या कोणावर ढकलता आला, आणि आपल्या वाट्याला दिव्यामागे २० रुपयेच आले, तर? २०० भागिले २२०, म्हणजे अकरांत दहादा. नफा तोच, गिऱ्हाईक तेच, पण तोटा दुसऱ्याचा असल्यामुळे मागवायचा आकडा वाढतो. आम्हाला या सगळ्या विषयात हे गणित सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ढकलण्याच्या वाटा अनेक आहेत. ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नगांपैकी निम्म्याहून अधिक नग आता कंपनीचे नसतात, तेथे दुकान मांडलेल्या लहान-मोठ्या विक्रेत्यांचे असतात. माल त्यांनी चीनहून आणायचा, ॲमेझॉनच्या गोदामात ठेवायचा आणि जागेचे भाडे भरायचे. ऑक्टोबर ते डिसेंबर हे भाडे चढे असते, आणि माल सहा महिन्यांहून अधिक पडून राहिला तर वर आणखी आकार लागतो. न खपलेला दिवा आता कोणाचा, हे सांगायला नको. भारतात तर नियमच असा आहे, की परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराला सर्वसाधारणपणे स्वतःचा साठा ठेवून गिऱ्हाइकांना विकता येत नाही; फेब्रुवारी २०१९ पासून तो अधिक कडक झाला. देशातील किरकोळ दुकानदारांच्या रक्षणासाठी तो आहे, पण साठ्याची जोखीम त्यामुळे विक्रेत्याच्याच पदरात राहते.

शीन या कपड्यांच्या कंपनीने दुसरी वाट धरली. नव्या कपड्याचे शंभर-दोनशे नगच शिवून घ्यायचे, खपले तर आणखी सांगायचे, आणि पुडके चीनमधून विमानाने थेट गिऱ्हाइकाच्या घरी. वाट पाहण्याचा काळच कापून टाकल्याने राखीव साठा फारसा लागत नाही. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पुडक्यांना जकात माफ होती, तिचाही आधार होता. ती सवलत चिनी मालासाठी मे २०२५ मध्ये आणि सर्व देशांसाठी त्याच वर्षी ऑगस्टअखेर बंद झाली.

आणि तिसरी वाट म्हणजे दिलेले काम रद्द करणे. मार्च २०२० मध्ये युरोप-अमेरिकेतील दुकाने बंद झाली, तेव्हा कपड्यांच्या अनेक कंपन्यांनी बांगलादेशातील कारखान्यांना दिलेली कामे रद्द केली किंवा थांबवली. त्यांत शिवून तयार असलेले कपडेही होते. या धंद्यात कापड कारखानदार स्वतःच्या पैशाने आणतो आणि त्याला पैसे मिळतात ते माल पाठवल्यानंतर. तेथील कारखानदारांच्या संघटनेने केलेल्या नोंदीप्रमाणे हा आकडा तीन अब्ज डॉलरच्या वर गेला आणि वीस लाखांहून अधिक कामगारांना त्याची झळ लागली. पुढे लोकांचा दबाव आल्यावर बऱ्याच कंपन्यांनी पैसे देण्याचे मान्य केले.

आसुडाचे टोक

साखळीच्या टोकाशी असणाऱ्यावर घाव मोठा बसतो, याला साथीचीच गरज असते असे नाही. एक साधा हिशेब करू. दुकानदार आठवड्याला १०० दिवे विकतो आणि नेहमी चार आठवड्यांचा साठा, म्हणजे ४०० दिवे जवळ ठेवतो. या आठवड्यात ११० खपले. साठा आता ४४० हवा. म्हणून तो ११० आणि वर ४० असे १५० दिवे मागवतो. घाऊक विक्रेताही चार आठवड्यांचा साठा ठेवणारा. त्याला १५० ची मागणी दिसते. तो १५० आणि वर २०० असे ३५० मागवतो. त्याच्या मागे असलेला आयातदार याच रीतीने १३५० मागवतो! गिऱ्हाइकाकडची वाढ १० ची, ती पुढे ५०, मग २५० आणि शेवटी १२५० झाली. प्रत्येक पायरीवर पाचपट.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक पुन्हा ११० च दिवे घेते. दुकानदाराचा साठा पुरेसा आहे, म्हणून तो ११० मागवतो. घाऊक विक्रेत्याकडे आता ६०० दिवे आहेत आणि त्याला हवेत ४४०. ११० पाठवूनही ५० उरतात, म्हणून तो काहीच मागवत नाही. चीनमधल्या कारखान्याला गेल्या आठवड्यात दिवसरात्र काम होते, या आठवड्यात ते शून्यावर आले. गिऱ्हाइकाची मागणी मात्र एकदाही घटलेली नाही. पुरवठा-काळ लांब असेल तर साठा चारऐवजी नऊ आठवड्यांचा ठेवावा लागेल, आणि मग पायरी पाचपटीची न राहता दहापटीची होईल.

जे फॉरेस्टर यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५८ च्या सुमारास या दोलनाचा अभ्यास मांडला. मुठीकडे थोडी हालचाल आणि टोकाला फटकारा, म्हणून पुढे याला आसुडाची उपमा मिळाली. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला बाळांच्या लंगोटांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसले होते. बाळे तर ठरावीक वेगानेच लंगोट ओले करतात. तरी कारखान्याकडे येणारी मागणी वेडीवाकडी! २०२१ मध्ये उशिराच्या भीतीने सर्वांनी जादा माल मागवला, तो २०२२ मध्ये एकदम येऊन पडला. एप्रिल २०२२ मध्ये ॲमेझॉनने आपल्याकडे गरजेपेक्षा अधिक गोदामे झाल्याचे मान्य केले, आणि जूनमध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीने किमती उतरवून माल काढायला आणि पुढची कामे रद्द करायला सुरुवात केली.

दुकानातल्या रोजच्या विक्रीचा आकडा साखळीतल्या प्रत्येकाला दाखवला, तर हा फटकारा पुष्कळ कमी होतो. मधल्यांना मग एकमेकांच्या मागणीवरून अंदाज बांधावा लागत नाही. तरी हे अजूनही सर्रास घडत नाही, कारण विक्रीचा आकडा ज्याच्याकडे असतो त्याला तो दुसऱ्याला देणे जड जाते.

फॉरेस्टर यांच्या गटाने यावर एक खेळ रचला होता. तो वर्गात एका तासात खेळता येतो. मुलांच्या चार रांगा करा: दुकानदार, घाऊक विक्रेता, आयातदार, कारखाना. प्रत्येकाने मागच्या रांगेकडे फक्त चिठ्ठीवर आकडा लिहून द्यायचा, बोलायचे नाही. माल दोन फेऱ्या उशिरा पोहोचवायचा. उरलेल्या मालाला दंड, तुटीला दुप्पट दंड. गिऱ्हाइकाच्या मागणीची चिठ्ठी शिक्षकांनी पहिल्या रांगेला द्यायची: पहिल्या चार फेऱ्या ४, नंतर शेवटपर्यंत ८. खेळ संपल्यावर कारखान्याच्या रांगेतील मुलांना गिऱ्हाइकांच्या मागणीचा आलेख अंदाजाने काढायला सांगावे. मोठी माणसे हा खेळ खेळतात तेव्हा बहुतेक जण उंच लाटा काढतात. त्यानंतर खऱ्या चिठ्ठ्या त्यांच्या हाती द्याव्या.